पुन्हा बातमीवर

रेडिएशन संपून दोन महिने झाले. काल पहिल्यांदा म्हसवड नगरपालिकेत बातमीला गेलो. जिन्यात मध्येच बसलो. ओळखीचा एकजण म्हणाला, "भाऊ, आराम करा की!" करतो बाबा, पण बातमीमागे पैसे मिळणाऱ्याला पगारी रजा कुठली? महात्मा फुले योजनेतून उपचार झाले, घरखर्च त्यात बसत नाही.

सगळे पवारसाहेबांचं उदाहरण देतात. २००४ला तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन, त्याच वर्षी केंद्रात कृषिमंत्री. २००९ला तर आपल्या माढ्याचे खासदार. हिंमत येते, खरंच. पण दिमतीला गाडी, माणसं होती. माझ्याकडं जुनी मोटारसायकल.

दुपारनंतर घसा सुकतो, बोलवत नाही. फोन उचलला नाही तर मेसेज टाका. पाण्याच्या टँकरच्या तक्रारी असतील तर फोटोसकट पाठवा, सकाळी लिहितो.