संत लॉरेन्सच्या शेजारचे जेवण

फ्लॉरेन्स नगरीत येणारा प्रवासी प्रथम चित्रे व पुतळे पाहावयास धावतो. मी मात्र तिसऱ्याच दिवशी हाती पिशवी घेऊन मंडईत उभा होतो. कारण ज्या वृद्ध विधवा बाईंच्या घरी मी उतरलो होतो, त्या रात्रीच्या जेवणाचे मांस आणावयास निघाल्या होत्या.

लोखंड व काचेची ही मंडई १८७४ सालची. तिच्या शेजारीच संत लॉरेन्स यांचे मोठे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीसाठी मायकेलअँजेलोने आराखडा केला होता, परंतु तो कधीच उभा राहिला नाही व भिंत आजही उघड्या, ओबडधोबड दगडांची आहे. या संताला २५८ साली रोम येथे तापलेल्या लोखंडी जाळीवर मरण आले अशी परंपरा असून आचारी लोक त्याला आपला आश्रयदाता मानतात. १० ऑगस्टला त्याचा सण येतो. पूर्वी त्या दिवशी चौकात भाजलेले गोमांस गावकऱ्यांस वाटीत, व तेथे आलेल्या इंग्रजांच्या 'बीफस्टेक' या शब्दाचे 'बिस्तेक्का' झाले, अशी कथा लोक सांगतात. शब्द इंग्रजीवरून आला एवढे खरे.

खाटकाने किआनीना जातीच्या गुरांचे मांस दाखविले. ही पांढरीशुभ्र, धिप्पाड गुरे ट्रॅक्टर येईपर्यंत तेथे नांगराला जुंपीत. हाडासकट कापलेला, तीन-चार बोटे जाडीचा तुकडा किलोहून अधिक भरतो. गुरांच्या मेंदूच्या रोगामुळे २००१ साली कण्याच्या हाडासह असे मांस विकण्यास बंदी आली होती, ती २००६ मध्ये उठली. त्या पाच वर्षांविषयी बाई अजून रागाने बोलतात! पण आमच्या घरी जेवावयास सातजण होते आणि पैसे बेताचे. बाईंनी पाऊण किलोचा बिनहाडाचा, दोन बोटे जाड तुकडा घेतला व रुकोला नावाची तिखट पाने मात्र पिशवीभर घेतली. ही भाजी मोहरीच्याच कुळातील होय.

मांस तासभर आधी बाहेर काढून कोरडे पुसले. तेल नाही, मीठही नाही. आर्तुसी या ग्रंथकारानेही १८९१ च्या आपल्या पाकग्रंथात मीठ भाजल्यानंतरच घालावयास सांगितले आहे. ज्वाला विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली, तेव्हा जाळी तापवून तुकडा वर ठेवला. एका बाजूने चार-पाच मिनिटे, मग एकदाच उलटून तितकीच दुसरीकडून. काटा टोचावयाचा नाही. नंतर दहा मिनिटे फळीवर निवू द्यावयाचा. येथेच मी घाई केली! सुरी चालविताच रस फळीवरून जमिनीकडे धावला. तापलेला रस पातळ असतो, थोडा निवला म्हणजे दाट होऊन मांसातच राहतो, हे मला तेव्हा कळले. बाई काही बोलल्या नाहीत. फळीवरचा रस चमच्याने गोळा करून त्यांनी पानांवर घातला. मग धाग्याच्या आडवे पातळ काप करून पानांवर पसरले. वरून ऑलिव्हचे तेल, लिंबू, जाडे मीठ, मिरी व पार्मिजानो चीजचे पापुद्रे. सोबत तिकडचा बिनमिठाचा पाव.

ताट फिरत फिरत शेवटी बाईंपुढे आले, तेव्हा त्यात पानेच अधिक उरली होती. त्यांनी पावाने तेल पुसून खाल्ले व उत्तम झाले म्हणाल्या.

घरी परतल्यावर मी हा पदार्थ म्हशीच्या अंडरकटचा केला. रुकोलाऐवजी मुळ्याची कोवळी पाने घेतली, लिंबू परसातलेच. आईने पहिला काप पाहताच "हे कच्चे आहे" म्हणून सारे पुन्हा जाळीवर टाकावयास लावले. दुसऱ्या खेपेस निखारे मंद ठेवून मांस आतपर्यंत शिजू दिले आणि दहा मिनिटे घड्याळ लावून थांबलो. मुलांनी ताट पुसून काढले. आई नेहमीप्रमाणे शेवटी बसली; तिच्यासाठी चार काप मी आधीच झाकून ठेवले होते.