टाकीचे झाकण

घाटात दमणारे वाहन मी समजू शकतो. पण सपाट रस्त्यावर, पन्नासच्या संथ वेगात ते एकाएकी नांगी टाकते, खोकते आणि दिवाळीसारखे बार काढते, याला काय म्हणावे? वडिलांची १९७८ सालची मोटरसायकल दर वेळी पंधरा-वीस किलोमीटरवर हेच करी. दहा मिनिटे थांबले की पुन्हा शहाण्यासारखी चाले. मिस्त्रींनी प्लग बदलला, कार्बुरेटर धुतला, शेवटी म्हणाले, "सर, भंगारात घाला हिला." घरचेही मत तेच पडले. गिऱ्हाईक रविवारी यायचे ठरले. वडील बोलले नाहीत. गाडी पुसत राहिले.

मला त्या 'दहा मिनिटां'नी पछाडले. व्याकरणात वारंवार भेटणारा अपवाद म्हणजे न सापडलेला नियम, असे आम्ही वर्गात सांगतो! थांबल्याने एक तर तापलेली कॉइल निवते, नाही तर कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल साचते. प्लगचे टोक पांढरेफटक होते. म्हणजे इंजिन उपाशी. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण सावकाश जळते, आणि उरलेली ज्वाळा उघड्या झडपेतून उलटी कार्बुरेटरात येते. तोच बार.

पुढच्या खेपेस गाडी अडखळताच मी टाकीचे झाकण उघडले. 'सुस्स' करून हवा आत शिरली आणि गाडी लगेच चालू झाली. झाकणाला श्वासाचे बारीक छिद्र असते, ते मळाने बुजले होते. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना; थांबल्यावर ती कशीबशी झिरपे, एवढेच.

सुईने छिद्र मोकळे केले. रविवारी गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवले. वडिलांनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "पेट्रोल भरून आणतो."