मिळतं घेणारी

आमच्या घरातली गिटार दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी स्टँडवर उभी असते. पाहुण्यांची पहिली नजर तिच्यावर पडते आणि दुसरी घरातल्या तरुण माणसाला शोधू लागते. ‘कोण वाजवतं?’ ‘मी.’ मग क्षणभर कुणी बोलत नाही, आणि मागाहून ‘हो का? वा!’ येतं. त्या ‘वा’मध्ये कौतुक असतंच, पण पन्नाशीच्या बाईनं भजनी मंडळात जावं, फार तर पेटी शिकावी, हेही त्यात असतं. माझं तोंड जरा उतरतं. तिचं नाही. ती आपली उभी.

मूळची ती भाच्याची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्यानं हट्टानं घेतली, तिसऱ्या वर्षाला विसरला आणि नोकरीसाठी गाव सोडताना ‘मावशी, तुझ्याकडे राहू दे गं’ म्हणून ठेवून गेला. दोन तारा तुटलेल्या, खुंट्यांवर गंज, पिशवीच्या खिशात परीक्षेचं हॉलतिकीट. नव्या तारा चढवल्या, पडद्यांवर बोळा फिरवला, आणि ती मागचं काही मनात न ठेवता वाजली. तिच्या स्वभावाची पहिली ओळख तिथेच झाली.

दिसायला नाजूक, पण अंगात भलती सोशिक. धातूच्या सहा तारा सुरात आणल्या की तिच्यावर ७० किलोच्या आसपास ताण असतो. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस मानेला लोंबकळतोय म्हणा ना. ती मान वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घातलेली असते. बाहेरून मात्र यातलं काही कळत नाही.

कुळानं ती परदेशी, पण अंगावरचं कातडं आपल्याकडचं. चांगल्या गिटारीची पाठ आणि बाजू शिसवीच्या करतात. पूर्वी ब्राझीलच्या शिसवीचा मान मोठा होता. ते लाकूड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसव वापरायला घेतलं. आपल्या सह्याद्रीत उगवतं तेच हे झाड, आजी-पणजीच्या काळ्याभोर कपाटांचं. माझी गिटार स्वस्तातली असल्यामुळे तिच्या अंगावर शिसवीचा नुसता पापुद्रा आहे. त्यानं फारसं बिघडत नाही. आज आपण गिटारीचा जो घाट बघतो तो बराचसा स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराचा. त्यानं १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आवाज ठरतो तो तारांखालच्या पुढच्या फळीवर, हे त्याला दाखवायचं होतं. ही गोष्ट ऐकल्यापासून मी तिची किंमत कुणाला सांगायला लाजत नाही.

शिकवायला जे सर आहेत ते माझ्या भाच्याहून लहान. भाजीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास चालतो. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला ‘काकू’ म्हणतात, आणि या दोन शब्दांवर आमचं व्यवस्थित चालतं. ‘काकू, डाव्या हाताची नखं.’ ‘काकू, अंगठा मानेच्या मागे.’ ‘काकू, तार पडद्याला चिकटून दाबा, मधोमध नको.’ तिसऱ्या सूचनेत फार मोठं तथ्य आहे. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकलं तर निम्म्या जोरात स्वच्छ सूर निघतो; जरा लांब पडलं तर कितीही दाबा, तार फरफरते. इतकी वर्षं ऑफिसात जोर लावून कामं काढलेल्या माणसाला ही जागा सापडायला वेळ लागतो.

बोटांची टोकं आधी दुखतात, मग सोलवटतात, मग त्यांना घट्टे पडतात. आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आलं की घट्टे मऊ, आणि पुन्हा पहिल्यापासून. या एका बाबतीत ती कुणाचंच ऐकत नाही. लग्नकार्य, आजारपण, वर्षअखेरीचं काम, सगळं तिला मान्य. फक्त बोटांना त्याची सूट नाही.

एफ कॉर्डपाशी निम्मे शिकाऊ गळतात म्हणतात. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, आणि त्याही पहिल्या पडद्यावर, जिथे तारा सगळ्यात कडक लागतात. सरांनी मला तो आकार आधी पाचव्या पडद्यावर धरायला लावला. तिथे तारा नमतात. मग एकेक घर खाली. तोवर काय करायचं? ‘तोवर वरची तार मोकळी सोडा, काकू. एफ मेजर सेव्हन होतो. कुणी विचारलं तर मुद्दाम केलं म्हणायचं.’ आणि खरंच, त्या सोडलेल्या तारेनं कॉर्डला एक हळवेपणा येतो, तो मूळच्या एफमध्ये नाही. आपली कमतरता तिनं अशी शोभेला लावून दिली.

पण तिचा खरा स्वभाव कळतो तो सूर जुळवताना. मानेला चिमट्यासारखा ट्यूनर लावायचा, एकेक तार छेडायची, हिरवा दिवा लागला की पुढची. सहाही तारांना हिरवा दिवा मिळतो. मग ई मेजर वाजवावा, तर तानपुऱ्यावर पोसलेला कान लगेच कुरकुरतो. गंधार चढा लागतोय! आपल्याला माहीत असतो तो तानपुऱ्याच्या तारांतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार. तिचा गंधार त्याच्याहून वर असतो. दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर त्यातले तब्बल १४ भाग.

कान तयार असलेला माणूस मग हमखास एक उद्योग करतो. ई कॉर्डमधला गंधार तिसऱ्या तारेवर, पहिल्या पडद्यात असतो. ती तार केसभर उतरवायची. ई असा गोड लागतो की वाटतं, इतक्या लोकांना हे कसं सुचलं नाही! लगेच सी वाजवावा, तर त्यातला पंचम पडलेला. जी वाजवावा, तर खालचा जी आणि मधला जी एकमेकांकडे पाठ करून बसलेले. एकाचं मन राखलं की दुसरे दोघे रुसले. निमूटपणे तार पुन्हा हिरव्या दिव्यावर आणावी लागते.

तिची घडणच तशी आहे. पडदे पक्के ठोकलेले, आणि ते सहाही तारांना सामाईक. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली गिटारीच्या नात्यातलं ल्यूट वाजवायचे. त्यांनी १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात पडद्यांचा सोपा हिशेब दिला आहे: तारेची जेवढी लांबी उरली, तिचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा. असं करत गेलं की बारावा पडदा जवळजवळ तारेच्या मध्यावर येतो आणि सप्तक पुरं होतं. सगळी घरं एकाच प्रमाणात. त्यामुळे षड्ज कुठेही धरा, गाणं तसंच वाजतं. आणि त्यामुळेच सप्तक सोडलं तर एकही अंतर तंतोतंत शुद्ध नाही. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी खोट आली आहे, कुणाच्या वाट्याला सगळी नाही. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी ती सगळ्यांचं थोडं थोडं करते, म्हणून घर चालतं, आणि तिच्यावर पूर्ण खूश असा एकही माणूस त्या घरात नसतो.

आपल्याकडे हा गुन्हा लहान मानत नाहीत. पेटीवर हाच आरोप होता: स्वर ठोकळेबाज, मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार लावलं ते १९७१ पर्यंत. गिटारीचं सोनं करणाऱ्यांनीही आधी तिचे पडदेच बाजूला सारले. ब्रिजभूषण काब्रांनी तिला मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीशेजारी जी गिटार आहे ती त्यांची. विश्वमोहन भट्टांनी तिला आणखी तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. ते थोर. पण त्यांनी तिला रागासाठी बदलली. मला ती आहे तशीच हवी आहे. माझ्या वयात आता ना ती बदलेल ना मी.

आहे तशी ठेवून रागाच्या दारात नेली, तर मात्र गंमत होते. भूप घ्या. सा रे ग प ध. पांढरी पाचला सा धरला, तर या पाच स्वरांतून नेमके दोनच सरळ कॉर्ड बनतात, जी आणि ई मायनर. गिटार हातात घेणाऱ्याला सुरुवातीला जे शिकवतात त्यातलेच हे दोन! एफचा डोंगर चढायची गरजच नाही. बायकांनी काळी चारला गायचं ठरवलं, तर पहिल्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लावायचा, बोटांचे आकार तेच. भूपातलं एखादं साधं भजन त्या दोन कॉर्डांवर म्हणून बघावं. चढा गंधारही त्या भरात खपून जातो.

मालकंसात मात्र ती दारातच थांबते. तिथे पंचम वर्ज्य, त्यामुळे षड्जावर उभा राहणारा कॉर्डच होत नाही. मध्यमावर एक मायनर आणि कोमल धैवतावर एक मेजर, एवढेच दोन पुरे कॉर्ड. म्हणजे ये-जा करायला दोन खोल्या आहेत, पण स्वतःचं घर नाही. अशा वेळी मी कॉर्ड सोडून नुसती जाड तार छेडत राहते, आणि ती मुकाट्यानं तानपुऱ्याचं काम करते.

पावसाळ्यात तिची तब्येत बिघडते. हवेतलं पाणी पिऊन पुढची फळी फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि जुन्या घट्ट्यांनाही पुन्हा कळ लागते. तेव्हा तिला पिशवीत घालून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि तारा रोज कोरड्या फडक्यानं पुसायच्या.

‘काकू, आता लीड शिकायचं का?’ सरांनी मध्यंतरी विचारलं. लीड म्हणजे एकेक स्वर सुटा वाजवत गाण्याच्या पुढे चालणं. मी नको म्हटलं. मला गाण्याच्या मागे चालायला आवडतं. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, गळाही बहुतेक वेळा दुसऱ्याचा. आपण फक्त पायाखालची जमीन हलू द्यायची नाही. विशीत मला हे काम कमीपणाचं वाटलं असतं. विशीतल्या भाच्याला तसंच वाटलं असावं, म्हणून तर ती आज माझ्याकडे आहे.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीला तिला खाली घेऊन गेले. पेटीवर दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. झांजा आणि ढोलकी सुरू झाल्यावर ती मलाही धड ऐकू येईना, तिनं तेही चालवून घेतलं. पण आरत्यांचं एक असतं. उत्साहाच्या भरात प्रत्येक आरती मागचीपेक्षा अर्धा सूर वर सुरू होते. काका ‘पट्टी धरा, पट्टी धरा!’ म्हणून ओरडत राहिले. मी दर वेळी कॅपो एक घर वर सरकवला. शेवटची आरती आली तेव्हा तो चौथ्या पडद्यावर होता आणि काकांची बोटं काळ्या-पांढऱ्यांमध्ये चाचपडत होती.

प्रसाद घेताना त्यांनी कॅपो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ‘हे बरं आहे वहिनी तुमचं,’ म्हणाले, ‘चूक गाणाऱ्यांची आणि सरकायचं तुम्ही!’

मी म्हटलं, ‘काका, चाळीस माणसं सरकवण्यापेक्षा हे सोपं पडतं.’