खिशातला दुभाष्या

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या एका दुकानदाराचा संगणक भर लग्नसराईत बंद पडला. जुन्या पत्रिकांच्या फायली पेनड्राइव्हवर होत्या, पण अक्षरं युनिकोडमधली नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेला तो जुना फॉन्ट. भलत्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली की आमंत्रणाची खिचडी होते. जुना विंडोजचा प्रोग्रामच हवा होता. हाताशी होता फक्त अँड्रॉइड फोन.

प्रोग्रामची बोली एक्स८६, इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेली. फोनमधला प्रोसेसर एआरएम घराण्यातला. त्याचा मूळपुरुष केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवला, १९८५ मध्ये. एक्स८६ ची आज्ञा १ ते १५ बाइटांची, कमीजास्त लांबीची. ६४-बिट एआरएमची प्रत्येक आज्ञा मोजून ४ बाइटांची.

फोनवर लिनक्स उभं केलं तरी मध्ये दोन दुभाषे लागतात. १९९३ पासून घडत आलेला वाइन हा प्रोग्राम विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करतो; प्रोसेसरच्या आज्ञांना तो हात लावत नाही. ते काम बॉक्स६४ चं. आज्ञांचा एकेक तुकडा तो चालता चालता एआरएममध्ये उतरवतो आणि जपून ठेवतो. म्हणून पहिल्यांदा रेंगाळलेला मेनू दुसऱ्यांदा चटकन उघडतो. फोनवरच्या लिनक्समध्ये एखादी लायब्ररी एआरएमसाठी तयारच असेल, तर बॉक्स६४ प्रोग्रामचं ते काम थेट तिच्यावर सोपवतो. ही युक्ती दुकानदाराला मनापासून आवडली. जुळणी करताना तोही तयार चौकट नव्याने काढत बसत नाही.

पत्रिका उघडली, पण छपाईची फाइल करताना प्रोग्राम गोठायचा. कधी तिसऱ्या पानावर, कधी पहिल्याच.

अशी चंचल चूक अनेकदा स्मृतीच्या क्रमाची असते. एक्स८६ वर प्रोसेसरच्या एका गाभ्याने जे ज्या क्रमाने लिहिलं, ते दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतं. एआरएमला तेवढं बंधन नाही. वेगासाठी तो लिखाण मागेपुढे करतो. बॉक्स६४ मध्ये क्रम काटेकोर पाळायला लावणारी सेटिंग आहे, पण ती वेग खाते. दुकानदाराने ती सगळ्यांना न लावता त्या एकाच प्रोग्रामपुरती चालू केली.

फाइल सावकाश तयार झाली. त्याने पडदा दोन बोटांनी मोठा केला आणि सवयीप्रमाणे आधी वरच्या ओळीतल्या ‘श्री’ची वेलांटी तपासली, मग इतर शब्दांतले रफार.