मुकी पट्टी
जुना सिंथेसायझर दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते: ‘एक पट्टी वाजत नाही.’ मुरलेला कारागीर लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही. सगळ्या पट्ट्या तो आधी हलक्या हातानं दाबून पाहतो, मग जोरात. पट्टी वाजत नाही हे मालकानं सांगितलेलंच असतं; ती कशी वाजत नाही, हे ऐकायचं असतं.

मिनीमूगचंच घ्या. १९७० साली अमेरिकेत आलेलं हे वाद्य पुढे वादक केरसी लॉर्ड यांच्यामुळे मुंबईच्या सिनेसंगीतातही पोचलं. पट्ट्या ४४; बनवणारी प्रॅट-रीड ही मूळची पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांची कंपनी. पेटीची पट्टी हवेला वाट करून देते, इथली विजेला. पट्टी दाबली की तिच्याखालच्या बारीक, वाकड्या तारा धातूच्या लांब दांड्यांना टेकतात. एका तारेतून सुराचं व्होल्टेज जातं, दुसरीतून ‘वाज’ असा हुकूम. सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे लगतच्या दोन सुरांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचा फरक.

त्यामुळे मळाचे आजारही दोन. हुकमाची तार मळली तर पट्टी मुकी. सुराची मळली तर आवाज येतो, पण आधी वाजवलेल्या पट्टीचा! यंत्र जुनंच व्होल्टेज धरून बसलेलं असतं. वादकाला वाटतं ट्यूनिंग गेलं, आणि तो बिचारा ऑसिलेटरची बटणं पिळत राहतो.

उपाय साधा: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पॉलिश पेपर लावणाऱ्याच्या हाती मात्र वाद्य देऊ नये. मळाबरोबर तारेवरचा मुलामाही जातो, आणि तो परत येत नाही. तार चिमट्यानं वाकवायची तीही केसभरच. जास्त वाकली तर पट्टी अर्धी दाबताच सूर लागतो.

पुढच्या वाद्यांत तारा गेल्या, रबर आलं. १९८८च्या कोर्ग एम-१मध्ये पट्टीखाली रबराच्या घुमट्या असतात आणि त्यांच्या आत कार्बनच्या टिकल्या. पहिली टिकली टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंतचा वेळ मोजून यंत्र बोटाचा जोर ठरवतं. पहिलीवर धूळ बसली की ती उशिरा लागते, मधला वेळ आटतो आणि हळुवार दाबलेली पट्टी एकदम किंचाळते.

शिवाय या पट्ट्यांना स्वतंत्र वायरी नसतात. बहुधा आठ-आठच्या गटांत त्या जाळीसारख्या जोडलेल्या असतात. दर आठवी पट्टी गप्प असेल, किंवा सलग आठ, तर रबर पुसण्यात अर्थ नाही. जाळीतली एखादी वाट तुटलेली असते: कुठे सुटलेलं सोल्डर, कधी नुसती सैल केबल. ती काढून घट्ट बसवली की आठही बोलू लागतात. मग मालकाला बिल पटवून देणं हे दुरुस्तीपेक्षा अवघड होऊन बसतं.