बोर्डीच्या वाळूवर

आम्ही नाशिककर म्हणजे नदीची माणसे. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे रामकुंड येते, गोदाघाट येतो. नदीला आम्ही घरात गोदावरी म्हणतही नाही. 'गंगेवर जाऊन येतो' असे म्हणतो. पूर किती आला हे सांगायला आम्हांला मीटर लागत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे सांगितले की साऱ्या गावाला कळते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांतही आम्ही एकमेकांना मारुतीचीच खबर विचारीत होतो.

या आमच्या गंगेची एक गंमत आहे. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ऐंशी किलोमीटर. पण तिने त्या समुद्राकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि १,४६५ किलोमीटरांची पायपीट करून ती थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाली. शेजारचे घर टाकून दूरच्या नातलगाकडे मुक्कामाला जावे तसे!

मीही पंचवीस वर्षे समुद्राकडे अशीच पाठ फिरवून होतो. कारण मात्र भूगोलातले नव्हते.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही सात मित्र कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस. रात्री चांदण्यात वाळूवर बसून कविता म्हणायच्या, असा बेत होता. दुपारी जेवलो आणि दोनच्या सुमारास पाण्यात उतरलो. त्यानंतर परत आलो ते सहा जण. अधिक काही लिहीत नाही. कविता कुणी म्हटल्या नाहीत, आणि मी पुन्हा समुद्राच्या पाण्यात पाऊल घातले नाही. घरात ही गोष्ट सौ.ला ठाऊक, आईला ठाऊक. मुलांपाशी कधी काढली नव्हती.

गेल्या नाताळच्या सुट्टीआधी माझा पुतण्या डेन्मार्कहून मोबाइलवर बोलत होता. तो कोपनहेगनला नोकरी करतो. शहराला लागूनच २००५ साली आमागर बेटाच्या कडेला मुद्दाम तयार केलेला वाळूचा किनारा आहे. उन्हाळ्यात साऱ्या गावची कुटुंबे तेथे लोटतात आणि पोरे गुडघाभर पाण्यात दिवसभर डुंबतात, असे सांगून त्याने छायाचित्रेही पाठवली. आमची धाकटी नऊ वर्षांची. तिने ती पाहिली आणि मला सरळ विचारले, "बाबा, दादा डेन्मार्कच्या समुद्रात डुंबतो, मग आपण आपल्या समुद्रात का जात नाही?"

व्याकरणाचे कूट प्रश्न मी वर्गात चुटकीसरशी सोडवतो. या प्रश्नाला मात्र उत्तर सुचेना. आई पोथी मिटवीत म्हणाली, "शांत समुद्र असेल कुठेतरी. तिथे ने तिला." म्हातारी माणसे कधी कधी असा निकाल देतात की त्यावर अपील नसते.

अशा रीतीने बोर्डी ठरली. पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या उत्तरेला, गुजरातच्या हद्दीला जवळजवळ टेकलेले हे गाव. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, डहाणू अशी वाट धरली की अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक पडते. मुंबईकर मंडळी आगगाडीने घोलवडला उतरतात. आम्ही पहाटे गाडी काढली. आईने शिदोरीचा डबा, जपाची माळ आणि पंचांग बरोबर घेतले. "पिकनिकला पंचांग?" थोरला हसला. आईने त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

त्र्यंबकच्या डोंगरांतच उगम पावणारी दुसरी एक नदी म्हणजे वैतरणा. तिने मात्र शहाणपणाने पश्चिमेची वाट धरली आणि ती अरबी समुद्राला मिळाली. "वैतरणा ओलांडूनच जायचं म्हणजे!" सौ. पुटपुटली. मी हसलो खरा, पण स्टिअरिंगवरची मूठ घट्ट झाली.

घाट उतरला की हवा बदलते. जव्हार हे मुकणे राजघराण्याचे जुने संस्थान. पुढचा सारा मुलूख वारल्यांचा. कुडाच्या भिंतींवर पांढऱ्या पिठाने काढलेली ती त्रिकोणी माणसे आज जगभर पोचली आहेत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना त्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. याच वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मी वर्गात शिकवले आहे. पण पुस्तकातली गावांची नावे मैलाच्या दगडांवर वाचताना काही निराळेच वाटते.

डहाणू मागे पडले की चिकूच्या वाड्या सुरू होतात. दुतर्फा गर्द झाडे, मधूनच एखाद्या पारशी वा इराणी घराचे उतरते छप्पर. येथल्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पारश्यांचे या भागाशी नाते फार जुने. संजाण पडल्यानंतर त्यांनी आपला पवित्र अग्नी जवळच्याच बाहरोटच्या गुहांत बारा वर्षे जपला, असे त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी आज येथून थोड्या अंतरावर, गुजरातेत उदवाड्याला तेवतो आहे.

आणि बोर्डी आम्हां नाशिककर मास्तरांना परकी कशी असेल? नाशकात जिचे मुख्यालय, त्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२० साली या खेड्यात हायस्कूल काढले. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांनी येथे आयुष्य वेचले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आपले ग्राम बाल शिक्षा केंद्र येथेच सुरू केले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शाळेत येत नाहीत त्या मुलांच्या अंगणात शाळा न्यायची, या कल्पनेतून 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज देशभर घरोघरी ठाऊक असलेला शब्द या वाळूच्या शेजारी वाढला, हे मुलांना सांगितले तेव्हा थोरल्याने प्रथमच मोबाइल खिशात ठेवला.

चारच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोचलो. सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग, आणि तिच्यापुढे समुद्र अगदी वाळूच्या काठापर्यंत भरून आलेला. आधीच सांगून टाकतो : बोर्डीचे पाणी निळेशार नाही. गाळाचे, मातकट आहे, वाळूही काळपट. चित्रातला समुद्र पाहायचा असेल त्याने येथे येऊ नये. पण उतार इतका सौम्य, लाटा इतक्या समंजस, की आजीबाई, लेकुरवाळ्या, पेन्शनर सारे निर्धास्त फिरत होते. घोडागाडी होती, भेळ होती, वाळूत क्रिकेट होते. धाकटी पाण्याकडे धावली आणि मी ओरडलो. इतक्या जोराने ओरडलो की भेळवालाही वळून पाहू लागला. पोरगी जागीच थिजली. त्या संध्याकाळी आम्ही पाण्यात उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आलो तो समुद्र गायब! काल जेथे लाटा होत्या तेथे नुसती ओली, घट्ट वाळू. पाण्याची रेघ पार दूर गेलेली. धाकटीला वाटले, आपण ओरडलो म्हणून समुद्र रागावून गेला.

सुरूच्या सावलीत एक आजोबा जाळे विणीत बसले होते. मांगेला समाजातले, पिढीजात मासेमारीचा धंदा. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हाताऱ्यांना ओळखदेख लागत नाही. मी विचारले, "आजोबा, पाणी परत कधी येईल?"

त्यांनी वर न पाहता मलाच विचारले, "आज तिथी कोणती?"

मी गप्प. आईने पंचांग उघडले. "पौष शुद्ध सप्तमी."

"मग साताची पाऊणपट करा मास्तर. सव्वापाच. सव्वापाचाच्या सुमाराला पूर्ण भरती, अकराच्या सुमाराला ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे."

बोटांवर मोजून पाहिले. आदल्या दिवशी षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणूनच आम्ही आलो तेव्हा समुद्र भरलेला होता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरते. एवढे सारे विज्ञान त्या पाऊणकीच्या पाढ्यात बसवलेले! आजोबा सांगत होते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी थोडे चढते, थोडे उतरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा समुद्र याहूनही दूर जातो आणि तितक्याच ओढीने जातो. वर खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत गेलेले असल्याने या बाजूला पाण्याची चढउतार मोठी. भावनगरपाशी तर ती दहा मीटरांच्या आसपास जाते. (पुतण्याच्या कोपनहेगनला ती जेमतेम वीतभर. तेथला समुद्र पाळलेला, आपला मोकळा.)

"ओहोटीच्या मागं लांब चालत जाऊ नका," आजोबा म्हणाले. "पाणी फिरलं की पाठीमागचा खोलगट भाग आधी भरतो. चढतं पाणी माणसाला काठाकडं लोटतं, उतरतं पाणी आत ओढतं. पोरांना खेळवायचं तर पाणी चढत असताना, काठालगत, गुडघ्याच्या आत. आणि नव्या ठिकाणी गावच्या माणसाला विचारल्याबिगर उतरायचं नाही."

मी सहज विचारतो आहे असे दाखवून विचारले, "आणि पौर्णिमेला? दुपारी दोनला?"

आजोबांचा हात थांबला. "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. बाराला भरलेला समुद्र दोनला जोरात निघालेला असणार. उधाणाचं पाणी. तेव्हा कोण उतरतं?"

आम्ही उतरलो होतो. पंचवीस वर्षे मी समुद्राला दगाबाज म्हणत आलो. भरती-ओहोटी हे शब्द सुखदुःखाच्या उपमा म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले. पण समुद्राने वेळ लपवून ठेवली नव्हती. ती आमच्या प्रत्येकाच्या घरी खुंटीला टांगलेली होती. आमच्या नदीची भाषा आम्हांला येत होती, मारुतीच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत. येथली भाषा येत नव्हती, आणि कुणाला विचारावे एवढेही सुचले नव्हते.

तीन वाजता पाणी चढू लागले होते. मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि धाकटीचा हात धरला. सौ. काही बोलली नाही. फक्त तिने माझ्या हातातले घड्याळ काढून घेतले. पाणी कोमट होते. घोट्यापर्यंत आले, पोटरीपर्यंत आले. पायांखालची वाळू सरकली तेव्हा छातीत धडधडले. पण हात मी सोडला नाही, आणि पोरगीनेही नाही. आई काठावर बसून ओंजळीने पायांवर पाणी घेत होती. तासाभराने आजोबांनी हाक घातली, तशी मुकाट्याने बाहेर आलो.

परतताना घोलवडच्या चिकूंच्या दोन पिशव्या घेतल्या. एक घरची. दुसरी घेऊन दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या एका घरी गेलो. त्या गल्लीने जायचे मी वर्षानुवर्षे टाळीत आलो होतो. दार मित्राच्या आईनेच उघडले. पिशवी हातात घेऊन तिने विचारले, "कुठले रे चिकू?"

"बोर्डीचे. समुद्रावर गेलो होतो, मुलांना घेऊन."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरं घाबरली नाहीत ना?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.