एकाच सुईवर सगळं

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. त्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही या केंद्राच्या घरच्याच भाषा. याच केंद्राच्या टापूत, साठच्या दशकात भंडाऱ्याजवळ आयुध निर्माणीभोवती जवाहरनगर वसलं, नाना प्रांतांचे कामगार शेजारी आले. सभोवती धानाची शेती होतीच. ५१२.८ मीटर, म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झवर सुई आणली की बाजारभाव, तुडतुड्यांवरचा सल्ला, भजन, प्रादेशिक बातम्या, श्रुतिका, शास्त्रीय गायन असं सगळं एकापाठोपाठ येई. जुन्या रेडिओचं मोठेपण मला या ओळीने येण्यात दिसतं. बातम्यांची वाट पाहणाऱ्या कामगाराच्या कानावर धानाचा भाव पडे, आणि शेतकऱ्याच्या कानावर ख्याल. स्वतःहून कुणी मागितलं नसतं, तेही ऐकलं जाई.

यावर कुणी म्हणेल, तो सरकारी रेडिओ होता, निवड कुठे होती? हे खरंच आहे. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना चित्रपटगीतांवर बंधनं आली आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. पण त्या दणक्यानंतरच १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. म्हणजे श्रोत्यांची नाराजी वरपर्यंत पोचत होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आज मोबाइलवर यापेक्षा शंभरपट वैविध्य आहे. आहे, पण ते ज्याचं त्याच्यापुरतं. एकाच्या मोबाइलवर फक्त कीर्तन, शेजारच्याच्या फक्त क्रिकेट. आपल्याच तालुक्यात धान खरेदी अडली आहे हे दोघांनाही कळत नाही. खासगी एफएम केंद्रांकडून ही उणीव भरून निघत नाही, कारण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही आणि गाण्यांपलीकडे ती क्वचितच जातात.

वाट मात्र बंद झालेली नाही. २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो, निम्मे कार्यक्रम स्थानिक असावे लागतात. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून माणदेशी माणसांच्याच आवाजात बोलते आहे. भंडाऱ्याकडच्या आमच्या झाडीपट्टीत तर दंडारीसारखं लोकनाट्य आहे, दिवाळीनंतरची मंडई आहे, नाटकांचा अख्खा हंगाम आहे, आणि प्रमाण मराठीच्या निवेदनात जिला फारशी जागा मिळाली नाही ती झाडीबोली आहे. जवाहरनगरच्या परिसरात असं केंद्र निघालं, तर संध्याकाळच्या पहिल्या तासात धानाचे भाव आणि दंडार शेजारी शेजारी असावेत, आणि निवेदन झाडीबोलीत व्हावं.